विरजणाचं गुणोत्तर

हिंगमिरे बाईंच्या दारी विरजण मागायला जायचं नाही, हे गल्लीला दोन वर्षांत पाठ झालं होतं. नव्यानं राहायला आलेली एखादी सून वाटी घेऊन उभी राहायची आणि बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "मिळणार नाही. सही केलेली आहे." विरजणाला कसली आलीय सही? ती बिचारी रिकामी वाटी घेऊन परत फिरायची. मग शेजारची कुणीतरी सांगायची, की अगं, त्यांचं दही औषधाचं आहे.

शिवलीला हिंगमिरे यांनी बार्शीतल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं बीजगणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की मार्क कापायच्या. त्यांचे यजमान मल्लिनाथ बसच्या वर्कशॉपात डिझेल मेकॅनिक होते. सगळ्या बस विजेवर गेल्या, तसे ते वेळेआधीच घरी बसले. पुढं चार-पाच वर्षांत त्यांच्या किडन्यांनीही तसंच हळूहळू काम सोडलं.

तेव्हा हे दही आलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं दह्याच्या नेहमीच्या जंतूत फेरफार करून नवा जंतू बनवला होता. साधा जंतू दुधातली साखर खातो आणि दूध आंबवतो. नवा जंतू साखरेच्या जोडीला युरियाही खायचा. किडनी थकली की रक्तात युरिया साठतो आणि त्यातला बराचसा आतड्यात झिरपतो. तिथं हा जंतू त्याला गाठायचा, त्यातला नत्र आपल्या अंगात घ्यायचा आणि सकाळी निमूट बाहेर पडायचा. दुपारी अर्धी वाटी दही खाल्लं की काम झालं. तीन जिल्ह्यांत मिळून चाळीस घरं या प्रयोगासाठी निवडली होती, त्यातली चार बार्शीतली.

असा घडवलेला जंतू गावभर पसरू नये, म्हणून संस्थेनं तो मुद्दाम जरा मंद ठेवला होता. घरातल्या दुधात, भांड्यात, हवेत गावठी जंतू असतातच. विरजण लावलं की दोन्ही वाढायला लागतात आणि दही लागेपर्यंत गावठी थोडा पुढं सरकतो. आज दह्यात नव्याचा वाटा शंभर धरला तर उद्या सत्त्याण्णव. परवा त्या सत्त्याण्णवाचे सत्त्याण्णव टक्के, म्हणजे चौऱ्याण्णवाच्या जरा वर. रोज कालच्या आकड्याला तोच एक आकडा गुणायचा. बाईंनी तीस वर्षं फळ्यावर मांडलेली भूमिती श्रेढी आता त्यांच्या ओट्यावरच्या स्टीलच्या भांड्यात येऊन बसली होती. गुणोत्तर शून्य पूर्णांक सत्त्याण्णव शतांश.

"एकवीस दिवसांत निम्म्यावर येतं," पहिल्या भेटीत संस्थेच्या डॉक्टर ऋतुजा भोईटे सांगू लागल्या, "म्हणून दर एकविसाव्या दिवशी आम्ही ताज्या जंतूची पुडी…"

"बावन्न पूर्णांक सात," बाई म्हणाल्या. "निम्मं नव्हे."

ऋतुजा हसली. पोरगी हुशार होती. तिनं मग श्रेढीबद्दल बाईंना पुन्हा काही सांगितलं नाही. एक कागद पुढं केला, त्यावर लिहिलं होतं की दूध फक्त गाईचं, पिशवीचं घ्यावं आणि विरजण घराबाहेर कोणालाही देऊ नये. बाईंनी दोन वेळा वाचून सही केली. सोबत कागदी पट्ट्यांची एक डबीही मिळाली. दह्यात बुडवली की पट्टी निळी व्हायची आणि निळा रंग जेवढा गडद, तेवढा नव्या जंतूचा वाटा मोठा.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात संस्थेचा निरोप आला. प्रयोगाच्या परवानगीची मुदत संपली आहे, नवी मिळेपर्यंत पुड्या येणार नाहीत, क्षमस्व.

बाईंनी वही घेतली. वाटा तीसच्या खाली गेला की दही निव्वळ दही उरतं, हे त्यांना ठाऊक होतं. शून्य पूर्णांक सत्त्याण्णवचा कितवा घात तीस शतांशाच्या खाली जातो, हे काढायला त्यांना चार मिनिटं लागली. चाळिसावा. शेवटची पुडी दोन मार्चला लावली होती. अकरा एप्रिलला त्यांनी कॅलेंडरवर गोल केला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी साफ सांगून ठेवलं होतं. युरिया दीडशेच्या वर गेला की आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि मल्लिनाथांनीही तितकंच साफ सांगून ठेवलं होतं.

"जन्मभर मी गाड्यांना नळ्या लावल्या, बाई. मला कुणी लावायच्या न्हाईत."

ते बायकोला बाईच म्हणत. लग्नानंतर पहिल्या वर्षी चेष्टेनं म्हणायला लागले आणि मग तेच राहिलं.

"असं कसं म्हणता? न लावून काय करणार?"

"जेवढं चालंल तेवढं चालंल."

हा माणूस बोलतो ते करतो, हे बाईंना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी 'तंबाखू सोडली' म्हणाले आणि सोडली. त्यामुळे त्या हादरल्या. अकरा एप्रिलपर्यंत त्यांना जेवण गोड लागलं नाही.

अकरा एप्रिल आली आणि गेली. पन्नासाव्या दिवशी रक्त तपासलं, युरिया शहाऐंशी. दोन वर्षं होता तेवढाच. बाईंना वाटलं, चढायला वेळ लागत असेल. पंचाहत्तराव्या दिवशी पुन्हा तपासलं. ब्याऐंशी. लॅबमधला माणूस म्हणाला, "काका, काय खाताय? आम्हाला पण सांगा की."

बाईंनी घरी येऊन दह्यात पट्टी बुडवली. श्रेढीप्रमाणे आज दहा टक्के उरायला हवे होते. पट्टी जेमतेम निळसर झाली. डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली, दहाच. म्हणजे दही गणिताप्रमाणे वागत होतं आणि नवरा वागत नव्हता. गणित चुकलं असतं तर बाईंना एवढा त्रास झाला नसता. चूक शोधली असती, खोडली असती, पुढं गेल्या असत्या. इथं गणित बरोबर होतं आणि उत्तर चुकत होतं. अशा वेळी कुठलीतरी मधली पायरी गाळलेली असते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मल्लिनाथ रोजच्यासारखे फिरायला निघाले. बाई पाच मिनिटांनी मागं निघाल्या. तीस वर्षं कॉपी पकडलेली बाई, तिला माग काढायला काय लागतं? मल्लिनाथ सरळ गेले, रेल्वे फाटक ओलांडलं, डावीकडं वळले आणि एका पत्र्याच्या गोठ्यापाशी थांबले. आत खाट होती. खाटेवर बसले. घरातून एक बाई वाटी घेऊन आली. मल्लिनाथ चमच्यानं खाऊ लागले.

ती बाई म्हणजे महानंदा. बाईंची धाकटी जाऊ.

अकरा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. महानंदाची मुलगी गौरा बाईंच्याच वर्गात होती. नववीला बीजगणितात दोन मार्कांनी गेली. सगळ्या खानदानानं सांगून पाहिलं, बाईंनी दोन मार्क दिले नाहीत. "दिले असते तर मग दुसऱ्या दोघींनाही द्यावे लागले असते," एवढंच म्हणाल्या. गौरानं शाळा सोडली ती सोडलीच, अक्कलकोटला लग्न होऊन गेली. नंतर दीर वारले, तेव्हा बाई तिसऱ्या दिवशी जाऊन बसून आल्या, पण दोघींपैकी कुणी तोंड उघडलं नाही. आपण चुकलो असं बाईंना अजूनही वाटत नव्हतं. दुःख मात्र होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाई फाटकावरूनच परत फिरल्या.

"महानंदाकडं काय खाता?" मल्लिनाथ घरी येताच त्यांनी विचारलं.

मल्लिनाथांनी चपला काढल्या, पाय धुतले, टॉवेल शोधला.

"मी विचारतेय."

"दही."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असंल." ते खुर्चीत बसले. "मागच्या उन्हाळ्यात तिचं दही बिघडायला लागलं होतं. तार यायची, वास यायचा. म्हणाली, भावजी, घरनं चमचाभर विरजण आणा. मी नेलं."

"आणि सही?"

"सही तुमची आहे."

"अहो, पण नाही म्हणायचं!"

"विरजणाला कुणी नाही म्हणतं का?"

"मी म्हणते."

"तेच की," मल्लिनाथ म्हणाले आणि जीभ चावली.

मग हळू आवाजात सांगत राहिले. त्या विरजणाचं दही आंबतच नाही. दोन दिवस बाहेर ठेवा, गोडच. फाटकापलीकडची सगळी वस्ती महानंदाकडून विरजण नेते. परवा तर कुर्डुवाडीची एक बाई नातेवाइकांकडं आली होती, तीही डबीत घालून घेऊन गेली.

बाईंनी पट्टी काढून त्यांच्या खिशात घातली. "उद्या तिच्या दह्यात बुडवा."

पट्टी आली ती शाईत बुडवल्यासारखी. डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढं. वर्षभरापूर्वी चमचा नेला तेव्हा घरच्या दह्यात फार तर सत्तर-ऐंशी टक्के असतील आणि महानंदाच्या गोठ्यात ते वाढले होते. बाईंनी वहीत लिहिलं, गुणोत्तर एकाहून जास्त. मग त्या ओळीकडं बराच वेळ बघत बसल्या. एकाहून कमी असेल तर श्रेढी कितीही मोठी असो, शून्याला जाऊन मिळते. एकाच्या केसभर वर गेली, की तिला आवरणारं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर ऋतुजा भोईटे दारात हजर. दोन वर्षांत पोरगी वाळली होती. पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, सोलापुरात एका मिठाईवाल्याच्या दह्यात आपला जंतू सापडलाय."

"आपला?"

"आमचा," तिनं दुरुस्ती केली. "आम्ही सगळं पिशवीच्या दुधावर तपासलं होतं. त्यात युरिया कमी असतो. तुमच्या भागात म्हशींना सरकीची पेंड घालतात, भरपूर. अंगात प्रथिनं जास्त गेली की दुधात युरिया वाढतो. आमच्या जंतूला तिथं आयतं पान वाढल्यासारखं झालं. गावठीला युरिया खाता येत नाही, याला येतो, मग तो पुढं जातो. शिवाय युरियातून जो अमोनिया सुटतो त्यानं दह्याचा आंबटपणा मरतो."

"म्हणून दही गोड. म्हणून सगळ्यांना हवं."

"हो. आणि विरजण घरोघर फिरतं, हे आम्ही हिशोबात धरलंच नाही. नियमात लिहिलं की झालं, असं वाटलं आम्हाला. आमच्या कमिटीतल्या एकाच्याही घरी दही विरजत नसेल."

बाईंना तिची कीव आली. त्यांनी विचारलं, "त्यानं कुणाला काही झालंय?"

"अजून नाही. पण दहा वर्षांनी काय होईल, गरोदर बाईला काय होईल, लहान मुलाला काय होईल, मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. परवानगी चाळीस आजारी माणसांची होती, बाई."

हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी मान हलवली.

"बार्शीतली बाकी तिन्ही घरं तपासून आले. तिघांनीही शेजारी-पाजारी वाटलंय आणि तिकडचंच परत आणून लावतायत, तिघांच्याही पट्ट्या गडद. फक्त तुमचंच विरजण नियमाप्रमाणे मेलंय. तुम्ही एकट्यांनीच शब्द पाळला." तिनं बॅगेतून फॉर्म काढला. "म्हणून तुमच्याकडं आले. सगळ्यात जास्त फैलाव फाटकापलीकडं आहे. तिथं पहिलं घर कुठलं, ते कळलं तर तिथून पुढची यादी काढता येईल. परवापासून माणसं येतील, घरोघर जाऊन दही उकळून टाकायला सांगतील."

"आणि यांचं काय?" बाईंनी मल्लिनाथांकडं बोट दाखवलं. ते कोपऱ्यात पेपर वाचत असल्याचं दाखवत होते.

"आता सुधारून बनवलेल्या जंतूला तीन महिन्यांत परवानगी मिळेल असं दिसतंय. जी घरं सहकार्य करतील, त्यांची नावं यादीत राहतील. मी स्वतः बघेन."

"तीन महिने?"

"तोवर… डायलिसिसवर काढता येईल की."

पेपर खाली आला. "न्हाई," मल्लिनाथ म्हणाले आणि पेपर परत वर गेला.

बाईंनी फॉर्म वाचला. पहिला प्रश्न, आपण विरजण कोणाला दिले काय? त्यांनी 'नाही' लिहिलं. ते अगदी खरं होतं आणि लिहिताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खऱ्याची लाज वाटली. दुसरा प्रश्न, दिले असल्यास किंवा माहीत असल्यास, पहिल्या घराचे नाव. पेन थांबलं.

नाव दिलं तर यादीत नाव. तीन महिन्यांनी पुडी. पण ते तीन महिने हा माणूस काढणार नाही. नाव दिलं नाही तर यादीतून नाव कायमचं गेलं आणि मग जे काही आहे ते महानंदाच्या गोठ्यात. जिच्या दाराकडं अकरा वर्षं बघितलं नाही, तिच्या.

"गणित काय म्हणतंय, बाई?" पेपरमागून आवाज आला.

"गणित काही म्हणत नाही. गणितानं का म्हणावं?" बाई करवादल्या. मग ऋतुजाकडं वळल्या. "तू हे लिही. एका घरानं महिन्याला सरासरी एका नव्या घराला दिलं, असं धर. महिन्याला दुप्पट. वर्षात बारा वेळा. किती झाली?"

"चार हजार शहाण्णव."

"कागदावर जातं तसं गावात जात नाही. काही घरं दही लावत नाहीत, काही ठिकाणी दोनदा दिलं जातं. निम्मी धर, दोन हजार. तुझी माणसं दिवसाला किती घरं करतील? आणि ज्या घरातलं उकळलं ते संध्याकाळी शेजारी वाटी घेऊन जाणारच. पहिलं पद सापडल्यानं श्रेढी थांबत नाही, ऋतुजा. तुम्हाला गुणोत्तर बदलावं लागेल. दूध बदला, पेंड बदला, लोकांना समजावून सांगा. त्याला मी येईन, दारोदार फिरेन."

"ते सगळं करूच. पण बाई, तुम्हाला नाव माहीत आहे?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"का?"

"सांगायचं नाही म्हणून."

ऋतुजानं फॉर्मवर 'माहिती देण्यास नकार' असं लिहिलं. लिहिताना तिचा चेहरा पडला. "यादीत ठेवता येणार नाही मग. मला वाईट वाटतंय."

"मलाही वाटतंय," बाई म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

ती गेली तेव्हा पावणेचार वाजले होते. मल्लिनाथ उठून चपला घालू लागले. बाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "आज मी जाते."

"बाई, भांडू नका हं."

"बोलता येतं का ते तरी बघू द्या आधी."

फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत बाई उन्हात उभ्या राहिल्या आणि परत फिरावं असं त्यांना तीन वेळा वाटलं. गोठ्याशी पोचल्या तेव्हा महानंदा म्हशीपुढं पेंडीची पाटी ठेवत होती. तिनं वर बघितलं. पाटी तशीच हातात राहिली.

"भावजींना काय झालं?" तिनं घाबरून विचारलं.

"काही नाही. बरे आहेत. महानंदा, विरजण पाहिजे होतं."

महानंदानं पाटी ठेवली, हात पुसले, आत गेली. चांगला वेळ लागला. बाहेर आली तेव्हा हातात झाकणाची छोटी बरणी होती आणि डोळे लाल होते. बाई खाटेवर टेकल्या होत्या. महानंदा समोर उंबऱ्यावर बसली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, पायरी न गाळता. परवा माणसं येतील, दही उकळायला लावतील. ते लोक वाईट नाहीत, त्यांना काळजी आहे, काळजी खरी आहे. गरोदर बायकांना आणि लहान पोरांना हे दही देऊ नकोस, जिला जिला दिलंयस तिलाही सांग.

"सांगते," महानंदा म्हणाली. "उद्याच सांगते सगळ्यांना."

"आणि तुझं नाव मी दिलेलं नाही."

महानंदानं मान खाली घातली. बोटानं उंबऱ्यावरची पेंडीची भुकटी पुसत राहिली. "दिलं असतं तरी काय हुतं, अक्का. माझं उकळतील, उकळू देत. मी दहा घरी दिलंय. कुणाच्या ना कुणाच्या दारातनं चमचाभर परत यील." तिनं बरणी पुढं केली. "तुमचं मात्र पिशवीचं दूध. त्यात हे टिकायचं न्हाई, भावजी सांगत हुते."

"नाही टिकायचं. वीस-एक दिवसांत निम्म्यावर येईल."

"मग संपलं की तुम्ही कुठनं आणणार?"

बाईंनी मनातल्या मनात गल्लीतली घरं मोजून पाहिली. कुठल्याही घरात त्यांनी कधी चमचाभर विरजण दिलेलं नव्हतं.

"तुझ्याकडनं," त्या म्हणाल्या.